आबांचं स्टिअरिंग

जळगाव, मंगळवार, १२ जानेवारी १९८८

आज गाडीचं स्टिअरिंग तिसऱ्यांदा उघडलं. आधी ते चार बोटं फिरवलं तरी चाकं हलायची नाहीत. मिस्त्रीनं टाय रॉडची टोकं बदलली, बॉक्स आवळला. तरी आबांचं एकच, रावेरच्या रस्त्याला गाडी डावी-उजवी पळते. माझ्या हातात ती सरळ चालते. हे आठवडाभर मी त्यांना सांगितलं नाही. का?

आज पुढची चाकं जॅकवर उचललेली, आबा सीटवर, मी आणि मिस्त्री खाली वाकलेलो. चाकं थरथरत होती.

"आबा, नुसतं धरून ठेवा. हलवू नका."

"मी कुठं हलवतोय?"

मिस्त्री शिंदखेड्याकडचा. माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "भाऊ, गाडीमा आते काही नही शे. आबासना हात देखा."

पाहिले. मला मांडीवर बसवून ट्रॅक्टर शिकवला ते हात. चाकं थरथरतच होती.

घरी येताना आबा म्हणाले, "याला जमत नाही. उद्या धुळ्याला नेऊ. मीच चालवतो, तू बाजूला बस."

हो म्हणून बसलोय. धुळ्याचा मिस्त्री तरी काय आवळणार?