हिरव्या दांडीचा तेरडा

अण्णा,

या वर्षी मी परसात फक्त पांढरं पेरलं आहे. हसू नका. जिला तुम्ही वाफ्याच्या कडेला उकिडवं बसायला शिकवलंत त्या तुमच्याच मुलीनं हे केलंय, आणि पेरल्यापासून मला दुसरं काही सुचत नाही. सकाळी चहा गॅसवर ठेवते आणि जरा बघून येते म्हणून परसात जाते, तोवर चहा उतू गेलेला असतो. पुसते, पुन्हा ठेवते, पुन्हा जाते. साठी उलटलेल्या बाईनं एवढं हुरळून जाऊ नये हे मला कळतं, पण कळून काही उपयोग होत नाही.

तुम्हाला पांढरं चालायचं नाही. दिवसभर दुसऱ्याच्या दुकानात पांढऱ्या गादीवर बसून पांढरंच कापड मोजायचं, मांजरपाट, मलमल, धोतरजोड्या. संध्याकाळी घरी आलात की सदरा खुंटीला टांगून सरळ परसात. तिथं लाल, जांभळा, शेंदरी, गुलाबी तेरडा असा काही माजलेला असायचा की शेजारच्या बायका गौरीसाठी आपल्याकडूनच न्यायच्या. आई एकदा म्हणाली, "महादेवाले वाहाले दोन पांढरी असू द्या ना." तुम्ही वर न बघताच म्हणालात, "पांढरं मी दिवसभर मोजतो. घरी भी तेच पाहू का?" आम्ही सगळे हसलो. मग एक दिवस आईनं मला तुमचा डबा घेऊन दुकानात पाठवलं. एक माणूस कफनाचं कापड घ्यायला आला होता. तुम्ही विचारलंत, "किती लागंल?" त्यानं दोन्ही हात समोर धरले आणि त्यांच्यात थोडंसंच अंतर ठेवलं. तुम्ही गज उचललाच नाही, अंदाजानं फाडून दिलंत, जास्तच दिलंत. त्या संध्याकाळी तुम्ही जेवायला उठला नाहीत, वाफ्यातच बसून होतात. तुमच्या रंगीत हट्टाचं त्यानंतर मला हसू आलं नाही.

तेरड्याची गंमत तुम्हीच दाखवलीत. फूल यायच्या कितीतरी आधी, रोप बोटभर असतानाच, दांडी रंग सांगून टाकते. लालसर दांडी असली की फूल रंगीत, स्वच्छ हिरवी असली की पांढरं. म्हणून दर आषाढात आपलं दोघांचं काम ठरलेलं: हिरव्या दांडीचं उपटायचं, लाल दांडीचं ठेवायचं. मी प्रत्येक रोपापाशी मान तिरपी करून विचार करत बसायची. तुम्ही खुरपीच्या मुठीनं माझ्या मनगटावर टकटक केलंत. "डोळ्यांले काय विचारत बसली? हाताले कळलं पाहिजे." मला तेव्हा राग आला होता. पण दोन-तीन पावसाळ्यांत हाताला खरंच कळायला लागलं. मी पाढे म्हणत म्हणत वाफा साफ करायची आणि तुम्ही आईला सांगायचात, "पोरगी तयार झाली."

आता पांढरं का, ते सांगते. तुमच्या जावयांना काचबिंदू झालाय. इंदूरचे डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येत नाही, आहे ती सांभाळायची. दिवसा घरातल्या घरात यांचं बरं चालतं, बाहेर उन्हानं डोळे दिपतात, आणि तिन्हीसांज झाली की सगळं राखेसारखं होतं. तुळशीच्या कुंडीची दोनदा ठेच लागली, तेव्हापासून हे संध्याकाळी परसात यायचे बंद झाले. आत पंख्याखाली बसून राहायचे, टीव्हीकडे तोंड करून, टीव्ही बंद. मला ते बघवत नव्हतं. उन्हाळ्यात एकदा मी दोरीवरचे कपडे काढत होते आणि हे मागच्या दारात उभे होते. एकदम म्हणाले, "अवं, थांब. ते धोतर काढू नको. तेवढंच दिसते मले. बाकी सगळं एक झालं." मी धोतर तसंच राहू दिलं. आणि तिथंच, हातात चिमट्यांची टोपली धरून, माझ्या डोक्यात अख्खी बाग उभी राहिली. दिवेलागणीला दिसेल अशी. सगळी पांढरी!

मग काय विचारता. पांढरी गुलबक्षी हवीच, कारण ती उन्हं उतरल्यावरच उमलते. पांढरी गोकर्ण कुंपणावर. पांढरी सदाफुली दाराशी, म्हणजे पायरी कुठं संपते ते यांना कळेल. रात्री उमलणारी, बशीएवढ्या पांढऱ्या फुलांची एक वेल असते, तिचं बी मिळालं तर ते. आणि तेरडा, भरपूर तेरडा. मुलगी फोनवर म्हणाली, "मम्मी, नर्सरी से मोगरा ले आओ ना, रेडीमेड, कशाला एवढा ताप?" मोगरा कुणाला नको आहे? पण तो काही बीपासून करत नाहीत, आणि मला बीच हवं होतं. तयार रोप आणलं की दोन दिवसांत त्याचं नवल संपतं. बी पेरलं की यांना रोज विचारायला काहीतरी मिळतं.

गोकर्णाच्या शेंगा इच्छापूरला मिळाल्या. देवीच्या दर्शनाला गेलो होतो, तिथल्या फूलवालीनं टोपलीच्या तळातून काढून दिल्या. बियांच्या दुकानात मात्र मी हटून बसले. दुकानदार म्हणतो, "ताई, तेरड्यात अलग से सफेद कौन मांगता है? मिक्स ले जाओ, त्यात सफेद भी निघते." मी नाराज होऊन पाकीट उचललं आणि पायऱ्या उतरता उतरता मला तुमची लाल दांडी, हिरवी दांडी आठवली. भर बाजारात मी हसले. रिक्षावाल्यानं वळून पाहिलं. मिक्स तर मिक्स, निवडायला मी बसलेय ना!

घरी आल्यावर सगळं बी ताटात काढून यांच्या मांडीवर ठेवलं. हे बोटांनी चाचपत सांगायला लागले, "हे मिऱ्यासारखं, गुलबक्षी. हे मोहरीवाणी बारीक, तुझा तेरडा. आणि हे काय, खडा हाय का बी?" ती रात्री उमलणारी वेल होती. तिचं बी कानशीवर घासून रात्रभर भिजत घालावं लागतं. घासायचं काम यांनी मागून घेतलं. किती दिवसांनी घरात कुणीतरी काही मागून घेत होतं.

आणि अण्णा, मग मी घोटाळा केला. तेरडा दाट उगवला, बोटभर झाला. मी सकाळी खुरपी घेऊन बसले. हे बाजूला खुर्चीवर, आमच्या गप्पा चाललेल्या, केळीला यंदा भाव कसा, जैनाबादच्या लग्नाला जायचं की नाही. बोलता बोलता वाफा साफ झाला. कंबर धरून उठले, बघते तर काय, वाफ्यात एकजात लाल दांड्या! ऐटीत उभ्या! आणि माझ्या पायाशी हिरव्या दांड्यांचा ढीग. हाताला कळलं होतं, अण्णा. तुम्ही शिकवलेलं तेवढंच त्याला कळत होतं.

मी अशी ओरडले की हे खुर्चीतून उठले. "साप हाय का?" साप असता तर बरा, म्हटलं. पण मग रडत बसले नाही. ढीग उचलून पाण्याच्या बादलीत टाकला. तेरडा रसाळ, लगेच मरत नाही, हेही तुमच्याकडूनच माहीत. लाल दांड्या उपटून वाफा मोकळा केला आणि दिवसभर एकेक हिरवं रोप पुन्हा लावत बसले. मी लावायची, हे चाचपून बुडाशी तांब्यानं पाणी घालायचे. संध्याकाळी सगळी रोपं माना टाकून पडलेली. त्या रात्री जेवण गोड लागलं नाही. दुसऱ्या दिवशी थोडी उठली, तिसऱ्या दिवशी आणखी. काही गेली. पण पुष्कळ जगली, अण्णा, पुष्कळ!

गौरी येऊन गेल्या. काल संध्याकाळी हे आपण होऊन परसात आले, सदाफुलीवरून पायरी ओळखून, मला न बोलावता. खुर्चीत बसले. मी श्वास धरून मागे उभी. यांनी वाफ्याकडे तोंड वळवलं. मग बोट वर केलं. "ते एक. त्याच्या बाजूला अजून एक. ते भी, ते भी." बोट सरकत होतं आणि माझ्या डोळ्यांना धार लागली होती. इतकं सुख मला सोसवेना.

मग बोट थांबलं. "मधी एक जागा खाली दिसते. तिथलं रोप मेलं का?"

तिथं तेरडा होता, अण्णा, लालभडक, अंगभर फुललेला. वाफा मोकळा करताना तेवढं एक रोप माझ्यानं उपटवलं नव्हतं. उतरत्या उजेडात लाल यांना दिसत नाही.

मी म्हटलं, "हो, ते नाही राहिलं."

"दुसरं लाव तिथं."

"असू द्या," म्हटलं.

हा कागद कुठं पाठवायचा ते मला माहीत नाही. तुम्ही बी धरायला जुन्या कागदांच्या पुड्या बांधायचात, तशी याचीही पुडी होईल आणि त्यात त्या लाल तेरड्याचं बी राहील. पुढच्या वर्षीही मधोमध तेच पेरणार आहे. यांना मात्र अजून सांगितलेलं नाही की ती जागा रिकामी नाही.