उन्हातले सेल

हर्षल,

तुझ्या नव्या चार्जरवर स्मार्ट लिहिलंय, पण खोक्यावर काय वाट्टेल ते छापतात, म्हणून आज मी त्याची परीक्षा घेतली. आई गच्चीवर ताटलीत उन्हाला ठेवते ना, ते तिच्या ट्रान्झिस्टरचे जुने सेल मुद्दाम त्यात घातले. लगेच लाल दिवा लुकलुकायला लागला. मग तुझे चार्जिंगचे घातले, तर निमूट कामाला लागला आणि भरल्यावर आपणहून थांबला. एवढीशी डबी, पण हुशार आहे. मानलं.

काल पाहुण्यांसमोर तू आईला म्हणालास, की असले सेल उन्हाने भरत नसतात. चार्जरनेही तेच सांगितलं, फक्त तो हसला नाही.

ती सकाळच्या एसटीने मामाकडे सायखेड्याला गेलीय. ट्रान्झिस्टरही नेला नाही. मी तिला आणायला निघालोय. भरलेले सेल तिच्या ट्रान्झिस्टरमध्ये घाल आणि संध्याकाळी तिघांचा कुकर लाव.

जुने सेल मी परत ताटलीत ठेवलेत. ताटली उन्हातच असू दे.

अण्णा