चांगला अर्धा त्याचा, वाईट माझा

३ जून
रोल मिळाला! भला डॉक्टर औषध पितो आणि त्याच्यातला दुष्ट माणूस बाहेर पडतो, त्या जुन्या गोष्टीवर पुन्हा सिनेमा निघतोय. आजवर दोन्ही रूपं एकाच नटाने केली. दाढी चिकटवली, डोळे वटारले, झालं. यात दोघं समोरासमोर येऊन भांडणार. डॉक्टर म्हणजे हिरो. समोर मी. काम मेहुण्याने दिलं, तो तिथे असिस्टंट डायरेक्टर आहे. म्हणाला, भावजी, तुमची उंची आणि खांदे थेट हिरोसारखे. चेहऱ्याबद्दल काही बोलला नाही. तो गृहीत असावा.

६ जून
जुने सगळे सिनेमे पाहिले. सगळेच दुष्ट ओरडतात. माझा ओरडणार नाही. हळूच हसेल. आरशासमोर प्रॅक्टिस केली. बायकोने विचारलं, पोट दुखतंय का.

९ जून
चष्म्याच्या दुकानातली नोकरी सोडली. मालक रजा द्यायला तयार होते. मी तेच हसू हसून नको म्हटलं. मालक घाबरले, बहुतेक. पाणी प्यायला आत गेले.

२० जून
शूटिंग. कॅमेरा माझ्या पाठीमागे. आधी हिरोचा चेहरा, मग दुसरी बाजू, असं कॅमेरामन म्हणाला. बरोबर आहे, सीनियर माणूस. मी पाठीनेसुद्धा जीव ओतून काम केलं. डायरेक्टर म्हणाले, तुमच्याशिवाय हा सीन होऊच शकत नाही. हे जपून ठेवायचं वाक्य.

२१ जून
दुसरी बाजू. मला डॉक्टरचा कोट दिला आणि पुन्हा पाठमोरा उभा केला. समोर हिरो, कालचा माझा विग घालून माझी वाक्यं म्हणतोय! मेहुण्याला गाठलं. म्हणाला, एकमेकांचा रोल समजून घ्यायची पद्धत असते. उच्च दर्जाची पद्धत दिसते. हिरोला माझं हसू करून दाखवलं. त्याने जसंच्या तसं उचललं. शिकायची हौस आहे बिचाऱ्याला.

४ जुलै
माझ्या चेहऱ्याचे शॉट अजून नाहीत. शेवटी ठेवले असणार. दमलेला चेहरा जास्त दुष्ट दिसतो.

१२ जुलै
शूटिंग संपलं म्हणे. मेहुणा फोन उचलत नाही. एडिटिंगमध्ये बुडाला असेल.

१८ नोव्हेंबर, दुपार
आज खास शो. सासू-सासऱ्यांना घेऊन जातोय. नवा शर्ट.

१८ नोव्हेंबर, शो झाल्यावर
माझी मान. उजवा कान. एकदा अर्धा खांदा. बाकी दोन्हीकडे हिरोच. आणि माझ्या हसण्याला, त्याच्या तोंडावरच्या माझ्या हसण्याला, टाळ्या!
मेहुण्याला जिन्यात धरलं. म्हणाला, काम फक्त हिरोच्या पाठमोऱ्या डुप्लिकेटचं आहे, हे पहिल्याच आठवड्यात सांगणार होतो, ताई नको म्हणाली. बायकोला विचारलं. ती म्हणाली, आरशासमोर तुम्ही इतके खूश होतात, माझ्याने सांगवलं नाही. नोकरी सोडलीत तेव्हा सांगायला हवं होतं, पण तोवर फार उशीर झाला होता.
हिरोचा राग आला. मेहुण्याचा तर आलाच. बायकोचाही यायला हवा होता, पण तिथे फक्त रडू आलं. सगळ्या घराने मिळून मला फसवलं.
तेवढ्यात सासऱ्यांनी येऊन माझा हात हातात घेतला. म्हणाले, जावईबापू, कमाल केलीत. ते हसणं अंगावर आलं हो! आणि मेकअप असा, की आम्हाला हिरोच वाटत होता.
मी म्हटलं, हो, मेकअपला फार वेळ लागायचा.
बायको शेजारीच उभी होती. तिने माझ्या नव्या शर्टाची कॉलर नीट केली.