तलावराणीची कंबर

१४ सप्टेंबर
तलावराणी आज पूर्ण झाली. उन्हाळ्यापासून लागलो होतो, त्यातला बराच काळ कंबरेत गेला. कंबर बारीक करणं सोपं नसतं. माझ्या गेमची ही नायिका. राक्षस गावतलावाच्या पाळीला, म्हणजे बांधाला, भोकं पाडतात आणि ही घमेल्याने चिखल टाकून ती बुजवते. कथा आपल्या अर्जुनी मोरगावची, डिझाइन इंटरनॅशनल. चांदीचं चिलखत (आहे तेवढं), उंच टाचा.
बाबांशी करार झाला. दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेपर्यंत गेम चालला तर ठीक, नाहीतर किराणा दुकानाच्या गादीवर बसायचं. मी लगेच हो म्हटलं. हरायचा प्रश्नच नाही.

१५ सप्टेंबर
टीमला डिझाइन दाखवलं. टीम म्हणजे धाकटी बहीण भूमिका. कोडिंग ती करते, व्हिजन माझं. तिने कंबरेवर झूम केलं. मग विचारलं, दादा, हे श्वास कुठून घेते? कौतुक समजून घेतलं. आईने वाकून पाहिलं आणि म्हणाली, या पोरीले घरी कोणी जेवाले देत नाही का गा? बाबांनी चष्मा पुसला, परत घातला आणि दुकानात निघून गेले. इम्पॅक्ट असाच हवा.

१९ सप्टेंबर, दुपारी
भूमिकाशी वाद. तिचं म्हणणं, चिखल तुडवणारी बाई अशी कशी? म्हटलं, ही फँटसी आहे. म्हणते, फँटसीत राक्षसाले पूर्ण कपडे आणि बाईलेच काऊन कमी? मी मुद्दा सोडला नाही. पुरुष कॅरेक्टरलाही सिक्स पॅक असतात, तेव्हा कोणी ओरडत नाही. तर म्हणते, सिक्स पॅकवाला तुले बनाचा आहे, हे तुले पाहाची आहे.
उत्तर होतं माझ्याकडे. आईने जेवायला हाक मारली म्हणून राहिलं.

२० सप्टेंबर
कालचं उत्तर अजून आठवलं नाही.

२६ सप्टेंबर
टेस्टिंग. तलावराणी घमेलं उचलायला वाकली आणि घमेलं छातीतून आरपार गेलं. घमेलं घेऊन वळली तर कमरेत दोन तुकडे. वरचा भाग पाळीवर, खालचा भाग तलावाकडे चालत गेला. भूमिका हसून हसून खाटेवर पडली. आईला बोलावून दाखवलं. आईनेही पुन्हा लावायला सांगितलं.
भूमिका म्हणते कंबर जाड कर, सगळं जुळते. म्हणजे बग कोडमध्ये आणि कापायचं कलाकाराने! चिडचिड झाली. जेवलो नाही. (नंतर जेवलो. वडे होते.)

२ ऑक्टोबर
तोडगा सापडला. कंबर तशीच, घमेलं लहान केलं. आता आरपार जात नाही. आकार साधारण आमटीच्या वाटीएवढा.

४ ऑक्टोबर
वाटीने पाळ बुजत नाही. भोक मोठं होतं, गाव बुडतं. सारखं बुडतं. मी स्वतः सकाळपासून खेळलो, सात-आठ वेळा गाव बुडवलं. भूमिकाला म्हटलं, लेव्हल चॅलेंजिंग झाली आहे. ती वाटीकडे बघत होती.

९ ऑक्टोबर
गेमवाल्यांच्या फेसबुक ग्रुपवर चित्र टाकलं. तुफान चर्चा! बायका आणि काही पुरुषही तुटून पडले. एकीने लिहिलं, हिच्या पाठीच्या डॉक्टरचा नंबर द्या. विनोदबुद्धी नाही लोकांना. पण एक पाठीराखा ठामपणे माझ्या बाजूने लढत होता. कलेचं स्वातंत्र्य वगैरे. मन भरून आलं.
संध्याकाळी त्याचा खासगी मेसेज: बिना चिलखताची आहे का?
ब्लॉक केला. चळवळीत सगळ्या प्रकारची माणसं येतात. तरी हात धुऊन आलो.

१४ ऑक्टोबर
भूमिका वेगळी झाली. कोड तिचा, ती घेऊन गेली; माझ्या मोबाइलवर जुनी कॉपी राहिली. कुठे, तर शेजारच्या खोलीत. तिने स्वतःची बाई काढली. गोल डोकं, लुगड्याचा काष्टा, दंड खांबासारखे, कंबर नावाला नाही. एका संध्याकाळात! नागपूरच्या गेम स्पर्धेला पाठवणार म्हणे. शुभेच्छा दिल्या. मनातून कीव आली. अशा बाईला कोण खेळणार?
जाताना म्हणाली, दादा, तू बी ये ना इकडे. म्हटलं, तत्त्वाचा प्रश्न आहे.
खोली जरा रिकामी वाटते. पंखा फार आवाज करतो.

२६ ऑक्टोबर
उद्या आपली मंडई. गावोगावचे पाहुणे. यापेक्षा मोठा लाँच नाही. गोंदियाला जाऊन ओमेशच्या प्रिंटिंगच्या दुकानातून फ्लेक्स आणला. तलावराणी दहा फूट उंच. खाली: आज मंडईत! तलावराणी! ओमेशने पैसे कमी घेतले. एक छोटी कॉपी स्वतःसाठी मागितली. डिमांड दिसते आहे.

२७ ऑक्टोबर, दुपारी ३
गर्दी! स्टॉलसमोर उभं राहायला जागा नाही. दवनीवाड्याचे मामासुद्धा पुढच्या रांगेत. बाबांना निरोप पाठवला की येऊन बघा.

त्याच दिवशी, संध्याकाळी
लोक तिकीट मागत होते. मंडईच्या रात्री नाटक असतं, त्यात डान्स असतो, आणि फ्लेक्सवर बाई दिसली की ती रात्री स्टेजवर येणार, हे इथे शाळेतल्या पोरालाही माहीत आहे. मलाही होतं. डोक्यात आलं नाही.
सांगितलं, ही मोबाइलवर खेळायची आहे. एक आजोबा म्हणाले, मोबाइल आमच्याजवळ बी आहे, बाई कधी येते ते सांग. नाही येत म्हटल्यावर पोरांनी खुर्च्या आपटल्या. मग खऱ्या नाटकवाल्यांनी येऊन फ्लेक्स उतरवायला लावला. त्यांची नायिका नूतनताई जाताना बघून म्हणाली, बापा, असं दिसाचं असन तर मले घरीच राहू दे.
हे सगळं बाबा बघत होते. निरोप मीच पाठवला होता.
घरी आलो तर पाहुण्या बायका भूमिकाच्या मोबाइलभोवती. काष्टावाली चिखल टाकत होती, गाव वाचत होतं. आई दुसऱ्यांना फोन देईना. पाहुण्यांना चहा मीच केला.

३ नोव्हेंबर
दुकानात बसलो. तात्पुरतं. शांतपणे विचार करायला जागा उत्तम. संकल्प: रोज एक तास तलावराणी.

११ नोव्हेंबर
संकल्प उद्यापासून. गिऱ्हाईक सोडत नाही.

१६ नोव्हेंबर
भूमिकाचा गेम नागपूरला निवडला गेला. बाबांनी अख्ख्या बाजारात पेढे वाटले. पेढे तोलले मी. राग आला, आणि अभिमानही वाटला, दोन्ही एकदमच. तिला म्हटलं, चांगला झाला. तिने दोनदा विचारलं, खरंच का? खरंच, म्हटलं.

१९ नोव्हेंबर
भूमिकाने काम दिलं! पुढच्या लेव्हलमध्ये पाळीला वाळूची पोती लावायची आहेत. म्हणाली, दादा, तुझा हात चांगला आहे, एक पोतं काढून दे. फक्त खरं पोतं जसं रायते तसं.
एवढंच ना? दुकानात तांदळाचं पोतं समोर ठेवलं. दिवसभर बघून बघून काढलं. गिऱ्हाइकं परत पाठवली. मनातलं काही घातलं नाही, शपथ. संध्याकाळी तिला पाठवलं.
लगेच परत आलं. खाली काही लिहिलेलं नव्हतं.
पोत्याजवळ मोबाइल धरून नीट पाहिलं. माझ्या पोत्याला कंबर आली होती.