छातीतले बाजरीचे दाणे

आबा, दिवाळीआधी गोडादऱ्याची एक बाई माझ्याकडे सीटी स्कॅनला आली आणि तिच्या फोटोत मला तुमची छाती दिसली. दोन्ही फुफ्फुसांत वरपासून खालपर्यंत बाजरीच्या दाण्याएवढे ठिपके. तुमच्या एक्स-रेतही असेच होते. डॉक्टरांनी बघताक्षणी टीबी म्हटलं, आपण माना डोलावल्या, आणि तुम्ही सहा महिने निमूटपणे गोळ्या गिळल्यात. कॅन्सर कळला तेव्हा तो मेंदूपर्यंत पोचला होता. तुम्ही जन्मात कधी विडीला हात लावला नाही, म्हणून कुणाच्या डोक्यातच आलं नाही. मला त्याचा अजून राग येतो.

पांडेसऱ्याच्या मिलमध्ये तुम्ही छापील कापड तपासायचात. मी डबा घेऊन आले होते त्या दिवशी एका साडीवर डाग दिसला आणि मी लगेच ती खराब मालात टाकायला निघाले. तुम्ही खेकसलात, "पहिले मशीन वयख, मंग डागले नाव ठेव." मग डागावरून मशीन कसं ओळखायचं ते दाखवलंत. तोच ठिपका ठरावीक अंतरावर परत येतो तेव्हा रोलरला कचरा लागलेला असतो, लांब रेघ उमटते तेव्हा रंग पुसणाऱ्या पट्टीला खाच पडलेली असते. आता मी रेडिओलॉजिस्ट आहे आणि तेच करते. फुफ्फुसाचा कॅन्सर अंगभर कसा पसरतो, ते पेशीतलं कुठलं जनुक बिघडलंय यावरही थोडंफार ठरतं. एका बिघाडात असे बारीक दाणे जास्त दिसतात, मेंदूतही गाठी सापडतात. दुसऱ्यात हृदयाभोवती पाणी साठलेलं आढळतं. पण कापडासारखी खात्री इथे नाही, फोटो नुसता संशय देतो. तुकडा काढून तपासावाच लागतो.

त्या बाईला दोन महिने टीबीच्या गोळ्या चालू होत्या. थुंकीत जंतू सापडले नव्हते, ठिपके वाढत होते. मी तिच्या डॉक्टरांना फोन केला तर म्हणाले, आपल्याकडे असे दाणे म्हणजे टीबीच, तुम्ही फोटो वाचा, औषधाचं मी बघतो. मी पुन्हा फोन केला. तिसऱ्यांदा त्यांच्या दवाखान्यात जाऊन बसले आणि तुकडा काढायला होकार घेऊनच उठले. तुकड्यात कॅन्सर निघाला, आणि जनुकातला बिघाडही असा, की ज्यावर रोजची एक गोळी आहे. ती पूर्ण बरी होईल असं मी म्हणत नाही. पण काल दुसरा स्कॅन झाला, दाणे विरळ झालेत. ती स्वतःच्या पायांनी जिना चढून आली होती.

लूमवर काम करणारा तिचा नवरा बाहेर उभा होता. त्याने घाबरतच विचारलं, हिचं ताट अजून वेगळंच ठेवू ना, पोरांना लांबच ठेवतो. मी म्हटलं, "आजपासून तिना ताटमाच जेवा, भाऊ. हाई कोनले लागत नही." तो तिथेच भिंतीला टेकून रडला.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून लिहिते. टीबीच्या गोळ्या चालू असताना एकदा तुम्ही तुमच्या ताटातल्या भाकरीचा घास मोडून माझ्यापुढे धरला होता. मी मागे सरकले आणि पोट भरलंय म्हणाले. आबा, मला भूक लागली होती.