बँकेचा मेसेज माझ्या फोनवर

प्रिय खजिनदारीणबाई,

मी सुखरूप आहे आणि पैसेही सुखरूप आहेत. तू आधी कशाची चौकशी करशील ते ठाऊक असल्यामुळे दोन्ही एका दमात सांगून टाकतो. दोघांनी मिळून ठरवलेलं हे फिरणं मला एकट्याला करावं लागतंय, याचा राग अजून गेलेला नाही. डॉक्टरांनी तुला विमानप्रवास नको म्हणून सांगितलं, महिनाअखेरीला हृदयाचं ऑपरेशन, आणि तू म्हणे तिकिटाचे पैसे फुकट कशाला घालवायचे! तुझ्या हट्टापुढे माझं कधी काही चाललंय का?

इथली नाणी मात्र बघण्यासारखी आहेत. एकाच्या कडेला घड्याळाच्या चाकासारखे बारीक दाते आहेत. दुसरं दोन धातूंचं, मधला तुकडा वेगळा बसवलेला. तो निखळत कसा नाही, हे बघायला मी पावाच्या दुकानात उभ्या उभ्या खिशातलं भिंग काढून डोळ्याला लावलं. आपण खोटं नाणं दिलं की काय, म्हणून दुकानदारीण बिचारी घाबरली आणि मागे रांग ताटकळली. जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेल्या माणसाची खोड, जायची कशी?

विमानतळावर थोडेच पैसे बदलून घेतले. तिथला भाव परवडत नाही, हे तू बजावलंच होतंस. एक कार्ड अंगावर ठेवतो, दुसरं खोलीतल्या कपाटात. तरी पहिल्याच दिवशी फसलो. जेवणाचं बिल द्यायला कार्ड लावलं, तर यंत्राने विचारलं, पैसे तुमच्या चलनात कापू की इथल्या? परक्या मुलखात आपलं माणूस भेटल्यासारखं वाटलं बघ मला. दाबलं आपल्याच चलनाचं बटण! आमच्या सहलीच्या गटातल्या एका निवृत्त नर्सबाईंनी नंतर सांगितलं, की त्या सोयीचा भाव यंत्रवालेच ठरवतात आणि चांगले पैसे उकळतात. आता मी डोळे मिटून इथलंच चलन निवडतो.

लग्न झाल्यापासून दुकानाची कमाई तुझ्या हातात द्यायची आणि सकाळी चहापाण्यापुरते पैसे मागून न्यायचे, एवढाच माझा व्यवहार. त्यामुळे इथे कार्ड लावलं की टुणकन मेसेज येतो, याची सुरुवातीला मला गंमतच वाटली. मग डोक्यात किडा वळवळायला लागला. बँकेत नंबर तर कायम तुझा होता. तो बदलून माझा कधी केलास? तुझ्याबरोबर बँकेत येऊन मी दोन सह्या केल्या होत्या खऱ्या, पण कशावर ते नेहमीप्रमाणे वाचलं नव्हतं. मग एकेक आठवत गेलं. गेल्या महिन्यात विजेचं बिल तू माझ्याकडून भरून घेतलंस आणि शेजारी बसून नुसती बघत राहिलीस. विम्याचा हप्ता कधी असतो, लॉकरची किल्ली कुठे असते, सगळं माझ्याकडून घोकून घेतलंस. मी आपला चेष्टा करत होतो, आता म्हातारपणी मला कारकून करतेस का म्हणून. काल खोलीत बसलो असताना सगळं जुळलं. तू नसलीस तर माझं कसं चालेल, याची रंगीत तालीम तू मला करायला लावलीस.

तर ऐक, चालतं. बिल भरता येतं, पैसे पुरवता येतात, फसलो तर शिकताही येतं. पण तुझ्याशिवाय मला ते चालवायचं नाही. आज विमान कंपनीच्या ऑफिसात जाऊन तिकीट बदलून घेतलं. पुढच्या मुक्कामाचे पैसे बुडाले, वर दंड वेगळा. आकडा ऐकून तुझ्या कपाळावर आठ्या पडतील. तुला न विचारता केलेला माझा हा पहिला मोठा खर्च. ऑपरेशनच्या आधीचे दिवस मला तुझ्याजवळ हवे आहेत. मला भीती वाटते गं, आणि तुलाही वाटत असणार. फोनवर सांगितलं असतं तर तू मला वाक्य पुरं करू दिलं नसतंस, तिकीट बदलू देणं तर दूरच, म्हणून हे लिहिलं. विमानात बसल्यावर या पानांचे फोटो काढून तुला पाठवीन आणि लगेच फोन बंद करीन. काय भांडायचंय ते समोर बसून भांड.

तुझाच,
उधळ्या