रविवारी आप्पा येण्याआधी

तामलवाडी, गुरुवार

प्रिय शिवरंजनी,

माझा नंबर तू ब्लॉक केलास त्याला दीड वर्ष झालं. बरंच केलंस. तेव्हा मी फोनवर जे काय बोलायचो ते आज कुणी मला परत ऐकवलं तर मीच फोन ठेवीन. म्हणून कागद घेतला. अक्षर कॉलेजात होतं त्याहून वाईट झालंय, समजून घे.

पुढच्या रविवारी तुझे आप्पा आमच्या घरी यायचे आहेत. तुला सोलापूरला हे कळलं असेलच. दादांनी पुढच्या भिंतीला चुना मारायला काढलाय, आई दोन दिवस भांडी घासतेय. ज्या माणसानं तीन वर्षांपूर्वी मला दुकानाच्या पायरीवरून, गिऱ्हाइकांसमोर, 'जात एक न्हाय, शिक्षण अर्धं, आन् राग तेवढा पुरा' असं म्हणून परत पाठवलं, तोच माणूस आता सोयरीक घेऊन स्वतः येतोय. का, तर मी त्यांचा जीव वाचवला. तुला विचारलं तेव्हा तू गप्प बसलीस म्हणे. 'आमची रंजी गप्प बसली म्हंजी व्हय,' असं त्यांनी दादांना फोनवर सांगितलं. तुझं गप्प बसणं मला त्यांच्यापेक्षा जरा जास्त माहीत आहे, म्हणून मी काही बोललो नाही. पण तू हो म्हणायच्या आधी त्या सकाळी काय झालं ते तुला माहीत पाहिजे. मी थकलोय, रंजी. हीच गोष्ट घेऊन झोपायचं आणि हीच घेऊन उठायचं, असा सव्वा महिना गेला.

दुसऱ्या वर्षाला प्रॅक्टिकलच्या सरांसमोर परीक्षेचा फॉर्म फाडून मी घरी आलो, हे तू पाहिलंयस. भांडण कशावरून होतं ते आज मला नीट सांगतासुद्धा येणार नाही. पुढचं तुला माहीत नसेल. तुळजापुरात एका लॉजच्या दुसऱ्या मजल्यावर बजरंगशेठची जिम आहे, तिथं मी ट्रेनर आहे. ट्रेनर म्हणजे सकाळी कुलूप उघडणारा, लोकांनी टाकून दिलेली वजनं जागेवर ठेवणारा आणि नव्या मेंबरचा फॉर्म भरणारा. भिंतीवर लाल क्रॉसची पांढरी पेटी आहे, प्रथमोपचाराची. दोन वर्षांत ती कुणी उघडली नव्हती. मीही नाही.

श्रावणात एक दिवस आप्पा जिना चढून दारात उभे राहिले. मला बघून परत फिरतील असं वाटलं, फिरले नाहीत. डॉक्टरांनी व्यायाम सांगितला होता आणि दुकानापासून जवळ हीच एक जिम. मी फॉर्म घेतला. नाव, वय, फोन मला पाठच होतं. मग एक रकाना येतो, काही आजार, चालू गोळ्या. तो विचारून भरायचा असतो. पण आम्ही दोघं बोलत नव्हतो, आणि विचारायला तोंड मला उघडावं लागलं असतं. मी 'नाही' लिहिलं आणि कागद पुढं सरकवला. त्यांनी चष्मा आणला नव्हता. सही केली. पुढं ते रोज यायचे, अर्धा तास सायकल मारायचे, आणि आम्ही दोघंही आरशात बघायचो, एकमेकांकडं नाही.

नवरात्राची सहावी माळ होती. त्या दिवसांत गावातला प्रत्येक माणूस आपापल्या दुकानावर नाहीतर लॉजवर असतो, त्यामुळं सकाळी साडेसातला जिममध्ये आम्ही दोघंच. आप्पांचा नऊ दिवसांचा उपास. आदल्या दिवशी मूठभर भगर, त्या सकाळी नुसतं पाणी, आणि त्यावर रोजची शुगरची गोळी. गोळी चुकवायची नाही असं डॉक्टरांनी बजावलेलं, म्हणून उपाशीपोटी घेतली, आणि रक्तातली साखर पार उतरली. हे सगळं मला मागाहून कळलं. मी तो रकाना विचारून भरला असता तर आधी कळलं असतं.

वीसेक मिनिटांनी सायकल थांबली. ते उतरले, डंबेलचा स्टँड धरला आणि माझ्याकडं बघून बडबडायला लागले. शब्द एकमेकांत अडकत होते. दादांचं नाव घेऊन 'तू बलभीमाचा... माझ्या पोरीच्या... काय बघतोस रं' असं काहीतरी. मी म्हटलं, आप्पा, बसा जरा. तर माझा हात झटकून शिवी दिली. आप्पांच्या तोंडून शिवी तू तरी कधी ऐकलीस का? तिथंच मी थांबायला पाहिजे होतं. पण माझ्या डोक्यात ती दुकानाची पायरी होती. 'देवीच्या दिवसांत ढोसून आलाय व्हय!' असं मी ओरडलो, दंडाला धरून त्यांना बाहेर काढलं, जिन्याच्या तोंडाशी सोडलं आणि काचेचं दार आतून लावलं.

आता जरा नीट वाच. त्यांच्या तोंडाला वास नव्हता. मी इतका जवळ होतो की मला ते तेव्हाच कळलं. दंड गार होता आणि घामानं ओला. सायकल मारून उतरलेल्या माणसाचं अंग कसं असतं ते मी रोज बघतो, ते असं नसतं. हेही कळलं. पण दारू म्हटलं की माझा राग बरोबर ठरत होता. म्हणून दारूच म्हटलं.

जिना पुसायला नागूबाई येते. साठीची आहे, तिचा नवरा दहा वर्षं शुगरचा पेशंट. ती वर आली आणि झाडूच्या दांड्यानं काच बडवायला लागली, 'आरं मुडद्या, उघड की दार, माणूस पडलाय!' उघडलं तर आप्पा भिंतीला टेकून बसलेले, मान छातीवर, ओठ हलत होते. तिनं विचारलं, 'ह्यास्नी शुगर हाय का?' मी म्हटलं, मला काय माहीत. 'तुला न्हाय तर कुणाला माहीत? तुझ्याकडंच येत्यात नव्हं रोज?' मी पळत जाऊन ती पांढरी पेटी उघडली. आत दुखण्याचा स्प्रे, पिवळं पडलेलं बँडेज आणि कुणाच्या तरी मोटारसायकलची किल्ली. बजरंगशेठनं जिममध्येच घट बसवला होता. नागूबाईनं सरळ देवीपुढची खडीसाखर उचलली, पदरात बांधली, दोन किलोच्या डंबेलनं ठेचली आणि ग्लासभर पाण्यात कालवली. मी घाईनं ग्लास त्यांच्या तोंडाला लावायला गेलो तर माझ्या हातावर चापट मारली. 'आदी घोट जातोय का बघ. जात नसंल तर ओतायचं न्हाय, छातीत जाऊन मरंल.' घोट जात होता. पण आप्पांनी तोंड फिरवलं आणि पुटपुटले, 'उपास...' नागूबाई म्हणाली, 'तिच्याच म्होरची हाय, गिळा गुमान.'

मग मला त्यांच्यामागं बसवून, त्यांना धरायला सांगून ती रस्त्यावर पळाली. मी १०८ ला फोन लावला होता, पण गर्दीच्या बॅरिकेडमुळं गाडी कोपऱ्यावरच अडकली. दहा-बारा मिनिटांत आप्पांची नजर जागेवर आली. वर बघितलं, तर मी. माझे दोन्ही हात त्यांच्याभोवती. सायकलवर बसल्यापुढचं त्यांना काहीच आठवत नाही. त्यांची गोष्ट तिथून सुरू होते.

वाचवलं नागूबाईनं. तिला त्यांनी एक साडी दिली. मला ते तुला द्यायला निघालेत.

नागूबाईनं मला एकदाच विचारलं, 'दार का लावलंवतंस रं?' मी म्हटलं, एसी चालू होता. तिनं मान वर करून एसीकडं बघितलं. तो सहा महिन्यांपासून बंद आहे. मग फडकं पिळून ती खाली गेली.

मी सुधारलो असं दाखवायला पुढचं लिहीत नाही, पण झालं ते सांगतो. सरकारी दवाखान्यातल्या सिस्टरांकडं दोन दिवस जाऊन शिकलो. माणूस हाकेला उठत नसेल आणि मधूनच नुसता आचका देत असेल, तर त्याला श्वास समजून वाट बघायची नाही, छाती दाबायला लागायचं, हे मी उशीवर इतक्या वेळा केलं की मनगटं सुजली. पेटीत आता साखर आणि ग्लुकोज आहे, फोन नंबर दारावर लिहिलेत, आणि गाडी अडकली तर कोपऱ्यापर्यंत धावायचं कुणी तेही ठरलंय. जिन्याच्या वळणावर स्ट्रेचर वळत नाही, म्हणून प्लास्टिकच्या खुर्चीत सिमेंटचं पोतं बांधून आम्ही चौघांनी खाली उतरवून बघितलं. बजरंगशेठ म्हणाले, 'जिम काढलीया का दवाखाना?' सगळ्यांचे फॉर्म मी परत भरले, एकेकाला बाजूला घेऊन, हळू आवाजात. चौसष्टपैकी सतरा जणांच्या 'नाही'च्या जागी काहीतरी निघालं. एकाला फिट येते आणि लग्न जमेना म्हणून तो लपवत होता. सतरा माणसं, रंजी, आणि रोज त्यांच्या खांद्यावर मी वजन चढवत होतो.

आप्पांना मी दोनदा सांगितलं. दवाखान्यात म्हणालो, आप्पा, मीच तुम्हाला बाहेर काढलं होतं. ते म्हणाले, 'व्हय, मोकळ्या हवेत नेलंस, डॉक्टरबी तेच म्हणले.' दुसऱ्यांदा दुकानात जाऊन सगळं सांगायला लागलो, वास नव्हता इथपर्यंत आलो, तर त्यांनी हसून गिऱ्हाइकाला सांगितलं, 'बघा, चांगलं करून वर लाजतंय पोरगं.' आणि मला पेढा दिला. मी तो खाल्ला. पेढा खाल्ल्यावर पुढचं बोलता येईना.

एक गोष्ट मी वर लिहिली नाही. दार लावल्यावर आप्पांनी दोनदा काच वाजवली. जोरात नाही, बोटांनी. मी दाराकडं पाठ करून उभा होतो. मी गाण्याचा आवाज वाढवला. ते गाणं संपून दुसरं अर्ध्यावर आलं तेव्हा नागूबाई आली. हे इथं कुणालाच खरं वाटणार नाही. आप्पांना मी चांगला वाटतो, दादांना वाटतो, आता गावालाही वाटतो. माझा राग पुरता ओळखणारं माणूस जगात एकच आहे, आणि त्यानं माझा नंबर ब्लॉक केलाय. तुला मात्र हे वाचताक्षणी खरं वाटेल. त्याचंच जास्त वाईट वाटतं, आणि म्हणूनच तुला लिहिलं. तू हो म्हण म्हणून नाही, नाही म्हण म्हणूनही नाही. शनिवारी घरी येशील तेव्हा हे पत्र आप्पांना वाचून दाखव. तू वाचलंस तर त्यांचा विश्वास बसेल. मग रविवारी यायचं की नाही ते त्यांनी ठरवावं, दादांना काय सांगायचं ते माझं मी बघतो. ते चिडतील, ओरडतील, ओरडू दे. फक्त पत्र काढायच्या आधी त्यांना पोटभर जेवू घाल.

काहीही ठरलं तरी तुझाच,
अमरसिंह